धार, मूठ आणि म्यान : विनयपिटकातील सत्थकाचा विचार

भिक्षूच्या अष्ट परिष्कारांची यादी आपल्या बहुतेक उपासक-उपासिकांना पाठ असते. तीन चीवरे, भिक्षापात्र, कमरबंद, सुई, पाणी गाळण्याचे गाळणे आणि 'वासी'. यांपैकी चीवर आणि पात्र या दोन वस्तूंवर पुष्कळ लिहिले गेले आहे. 'वासी' या शब्दापाशी मात्र आपण घाईने पुढे जातो. तिचा अर्थ कोणी वस्तरा करतो, कोणी लहान सुरी, तर कोणी सुताराचा वाकस. अर्थ कोणताही घेतला तरी ती धार असलेली वस्तू आहे, हे निश्चित. जीवहिंसेपासून दूर राहण्याचे शील घेतलेल्या माणसाच्या हाती हे पाते कोणत्या अटींवर आले? ते कसे पाजळीत, त्याची परीक्षा कशी करीत, आणि ते कशात ठेवीत? प्रस्तुत लेखात आम्ही या साध्या प्रश्नांची उत्तरे विनयपिटक, जातक आणि प्राचीन वैद्यकग्रंथ यांच्या आधारे शोधण्याचा प्रयत्न करणार आहोत. धर्मानंद कोसंबी यांनी १९२६ साली 'बौद्ध संघाचा परिचय' लिहून विनयाचा प्रदेश मराठी वाचकांस खुला केला. त्याच प्रदेशातील ही एक लहानशी वाट आहे.

सत्थक आणि त्याची मूठ

चुल्लवग्गातील क्षुद्रकवस्तुस्कंधकात सुरीचा प्रसंग येतो. भिक्षू चीवराचे कापड हाताने फाडून शिवीत असत, त्यामुळे कापड वेडेवाकडे फाटे. तेव्हा भगवंतांनी 'सत्थक' आणि 'नमतक' यांची अनुज्ञा दिली. सत्थक म्हणजे लहान सुरी. नमतक या शब्दाचा अर्थ अट्ठकथेत सुरीभोवती गुंडाळावयाचा कापडाचा तुकडा असा दिला आहे. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. पात्याची अनुज्ञा आणि त्याच्या आवरणाची अनुज्ञा एकाच वाक्यात आलेली आहे. उघडे पाते संघात आलेच नाही.

पुढे संघाला दांड्याची सुरी मिळाली आणि तिचीही अनुज्ञा झाली. मग षड्वर्गीय भिक्षू सोन्यारुप्याच्या मुठी वापरू लागले. कामभोगी गृहस्थांसारखे हे वागतात, अशी लोकांनी निंदा केली. त्यावर उंची मुठींचा निषेध झाला आणि चालतील अशा पदार्थांची यादी सांगितली गेली : हाड, हस्तिदंत, शिंग, बोरू, बांबू, लाकूड, लाख, फळाची करवंटी, धातू आणि शंखाचा गाभा. हाताशी येईल ते वापरावे, मिरवू मात्र नये, असा या यादीचा सरळ आशय आहे.

या यादीत हाड, दात आणि शिंग आहेत हे वाचकांनी लक्षात ठेवावे. कारण पाचित्तिय नियमांपैकी शहाऐंशीवा नियम याच तीन पदार्थांची सुईदाणी निषिद्ध ठरवितो. इतकेच नव्हे, तर ती फोडून टाकावयास सांगतो. मुठीला चालणारे हस्तिदंत सुईच्या घराला का चालू नये? याचे उत्तर नियमाच्या निदानकथेत आहे. कपिलवस्तूच्या एका दंतकाराने, ज्या भिक्षूंना सुईदाणी हवी असेल त्यांनी मागावी, असे श्रद्धेने सांगून ठेवले होते. भिक्षूंनी इतक्या मागितल्या की त्याला विक्रीचे दुसरे काम करता येईना. त्याचा चरितार्थ बुडाला आणि बायकामुलांचे हाल झाले.

आमच्या मते या दोन नियमांची तुलना अत्यंत बोधप्रद आहे. हस्तिदंत हा पदार्थ मुळात दोषी नव्हता. दोष होता तो कारागिराच्या श्रद्धेचा फायदा घेऊन त्याचे श्रम फुकट खर्ची घालण्यात. म्हणजे ज्या नियमाकडे आपण केवळ भिक्षूच्या साधेपणाचा नियम म्हणून पाहतो, तो वस्तुतः कारागिराच्या चुलीचे रक्षण करणारा नियम आहे.

निसणा आणि धारेची परीक्षा

त्याच स्कंधकात वस्तऱ्याचा प्रसंग आहे. भिक्षूंचे केस वाढले होते. भिक्षू एकमेकांचे केस काढू शकतील काय, असे भगवंतांनी विचारले. होकार मिळताच वस्तरा, वस्तऱ्याचा दगड, वस्तऱ्याचे घर, नमतक आणि वस्तऱ्याचे सर्व साहित्य यांची अनुज्ञा दिली. न्हाव्याची धोकटी ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही यादी परकी वाटणार नाही. 'खुरसिला' म्हणजे आपला निसणा. केस दोन महिन्यांपेक्षा किंवा दोन अंगुळांपेक्षा अधिक वाढू द्यावयाचे नाहीत, असा नियम असल्यामुळे पाते वारंवार वापरले जाणार आणि वारंवार पाजळावे लागणार, हे गृहीतच होते.

पाजळावे कसे, हे मात्र विनय सांगत नाही. त्यासाठी वैद्यकाकडे वळावे लागते. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील आठव्या अध्यायात शस्त्रे पाजळण्यासाठी उडदाच्या रंगाची गुळगुळीत शिळा सांगितली आहे. पाजळलेली धार टिकविण्यासाठी सांवरीच्या लाकडाची फळी सांगितली आहे. प्रत्येक कामाची धारही निराळी असते. भेदन करणाऱ्या शस्त्राची धार मसुरेएवढी, लेखन करणाऱ्याची अर्ध्या मसुरेएवढी, वेध करून रक्त काढणाऱ्याची केसाएवढी आणि छेदन करणाऱ्याची अर्ध्या केसाएवढी असावी. शस्त्राला पाणी देण्याचेही क्षार, उदक आणि तेल असे तीन प्रकार सांगितले आहेत. या क्रियेचे नाव 'पायना', म्हणजे पाजणे. आपला लोहार आजही हत्याराला पाणी पाजतो, आणि आपण सुरी पाजवून आणतो. दोन हजार वर्षांच्या अंतराने कारखान्याची भाषा फारशी बदललेली नाही.

धारेची परीक्षाही तेथेच आहे. उत्तम पाजळलेले, नीट घडविलेले, हातात व्यवस्थित बसणारे आणि केस छेदणारे शस्त्र वापरावे, असे सुश्रुत म्हणतो. हातावरची लव उडते की नाही, हे पाहून सुरीची धार आजमावणारे कारागीर आपण आजही पाहतो. ही परीक्षा साधी असली तरी खोटे बोलत नाही. दगडावर पाते दोन्ही बाजूंनी सारखे घासले गेले नाही, तर काठावर धातूची बारीक कोर उलटून राहते. अशी धार केस कापीत नाही, ओढते.

आवरणाचा प्रश्न

म्यान म्हणजे केवळ हात कापू नये म्हणून केलेली सोय, असा सर्वसाधारण समज आहे. विनयकारांना यापेक्षा अधिक माहीत होते. सुयांना गंज चढतो, म्हणून प्रथम नळीची अनुज्ञा झाली. नळीतही गंज चढला, म्हणून ती किण्वाने भरण्याची अनुज्ञा झाली. तरीही गंज राहिला, तेव्हा सातूचे पीठ आले. त्यानेही भागेना, तेव्हा दगडाची पूड आली. अखेरीस मेणाचा लेप देण्याची आणि त्या पुडीसाठी आवरण करण्याची अनुज्ञा झाली. हा मजकूर वाचताना एखाद्या कारागिराची टिपणवही वाचीत असल्याचा भास होतो. एक उपाय केला, तो फसला. दुसरा केला, तोही अपुरा पडला. बंद घरात ओल कोंडते आणि लोखंड खाते, हे अनुभवाने कळत गेले आणि अपयशासकट जसेच्या तसे नोंदले गेले.

इसवी सनाच्या सातव्या शतकाच्या सुमारास वाग्भटाने अष्टांगहृदयात शस्त्रकोशाचे वर्णन केले आहे. वाग्भटावरील बौद्ध प्रभावाची चर्चा अभ्यासकांनी केलेली आहेच. त्याचा कोश नऊ अंगुळे रुंद आणि बारा अंगुळे लांब आहे. तो क्षौम, लोकर, रेशीम किंवा मऊ चामडे यांचा, चांगला शिवलेला आहे. आतील शस्त्रांमध्ये लोकर घातलेली आहे आणि त्याचे तोंड काडीने बंद होते. पाते पात्याला लागू नये, हा लोकरीचा हेतू उघड आहे. विनयातील नमतकाशी त्याचे साम्य आम्हांस लक्षणीय वाटते.

सूचि-जातकातील लोहार

धार, परीक्षा आणि कोश या तिन्हींची एकत्र कथा ३८७ व्या, म्हणजे सूचि-जातकात आहे. काशी देशात बोधिसत्त्व एका गरीब लोहाराच्या घरी जन्मले. जवळच हजार लोहारघरांचे गाव होते आणि तेथील प्रमुख लोहाराची कन्या रूपवती होती. बोधिसत्त्वांनी एक अतिसूक्ष्म सुई घडविली. मग तिच्यासाठी कोश घडविला, त्या कोशाला दुसरा कोश, असे एकात एक सात कोश केले. हे कसे केले ते विचारू नये, असे अट्ठकथाकार म्हणतो. त्यानंतर त्यांनी लोहारांच्याच गावात जाऊन सुई विकण्याची हाक दिली. लोहारांच्या गावात सुई कोण घेणार, असे कन्येने विचारले. जाणकारांपुढेच जाणकाराची परीक्षा व्हावी, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता.

प्रमुख लोहाराने हजार लोहार जमविले. एकेक कोश हाती येताच तीच सुई आहे असे त्याला वाटे, इतके ते सूक्ष्म होते. अखेर खरी सुई बाहेर आली. तिने ऐरण भेदली आणि ती खाली ठेवलेल्या पाण्याच्या पृष्ठावर राहिली. ऐरण भेदण्यात अतिशयोक्ती आहे, हे उघड आहे. पण कोरडी बारीक सुई पाण्यावर तरंगते, हे कोणीही घरी पाहू शकतो. कथाकार कारखान्याच्या जवळ वावरलेला होता, असे त्यावरून वाटते. ही कथा प्रज्ञापारमितेची म्हणून सांगितली आहे, हे आम्ही विशेष महत्त्वाचे समजतो. येथे प्रज्ञा ग्रंथपठणात नव्हे, तर गरीब लोहाराच्या बोटांत प्रकट झाली आहे.

धारेचे भय

तथापि, पाते निरुपद्रवी आहे असे विनय कोठेही मानीत नाही. तिसऱ्या पाराजिकेची निदानकथा वैशालीची आहे. अशुभभावनेने देहाचा उबग आलेल्या भिक्षूंना मिगलण्डिक नावाच्या माणसाने पात्रचीवराच्या मोबदल्यात तीक्ष्ण शस्त्राने ठार केले आणि रक्ताने माखलेले शस्त्र वग्गुमुदा नदीवर धुतले. त्यानंतर मनुष्यवधाचा आणि दुसऱ्यासाठी शस्त्रधारी शोधून देण्याचाही कठोर निषेध झाला. अंगुत्तरनिकायात उपासकाने न करावयाच्या व्यापारांत शस्त्रांचा व्यापार आहे. उलट महावग्गाच्या भैषज्यस्कंधकात गळू कापण्यासाठी शस्त्रकर्माची अनुज्ञा आहे; मात्र गुह्यांगाभोवती दोन अंगुळांच्या आत शस्त्र चालविण्यास मनाई आहे. लोखंड तेच, दगड तोच, धारही तीच. पाते कोणत्या हेतूने आणि कोठपर्यंत चालते, एवढाच फरक. विनयाने तो फरक अंगुळांनी मोजला.

ज्यांच्या हाताला धार ठाऊक होती

शेवटी एका व्यक्तीचे स्मरण करणे अवश्य आहे. पहिल्या संगीतीत महाकाश्यपांच्या प्रश्नांना उत्तरे देऊन ज्यांनी विनय सांगितला, ते स्थविर उपालि पूर्वाश्रमी शाक्यांचे न्हावी होते. शाक्य कुमारांनी, आपला अभिमान गळावा म्हणून, त्यांना आपल्या आधी प्रव्रज्या देण्याची विनंती केली होती. वस्तरा, निसणा, वस्तऱ्याचे घर आणि नमतक ही यादी परंपरेने ज्यांच्या मुखातून आली, त्यांनी त्या वस्तू आयुष्यभर हाताळल्या होत्या. आतुमा येथील पूर्वाश्रमीच्या न्हावी भिक्षूने आपल्या मुलांकरवी धोकटीच्या जोरावर घरोघर सामग्री गोळा केली, तेव्हा पूर्वी न्हावी असलेल्याने वस्तऱ्याचे साहित्य बाळगू नये, असा नियम झाला. हा नियम सांगतानाही उपालींनी आडपडदा ठेवला नाही.

महाराष्ट्रातील लेणीही या कारागिरांना विसरलेली नाहीत. कान्हेरीला कल्याणच्या नंद नावाच्या लोहाराने वाटेचे दान दिल्याचा लेख आहे. कार्ल्याला धेनुकाकटच्या सामि नावाच्या सुताराने द्वार केल्याचा लेख आहे. राजांच्या आणि श्रेष्ठींच्या नावांबरोबर ही नावे दगडात कोरली गेली आणि टिकली.

संयुत्तनिकायात एक उपमा आहे. सुताराच्या वाकसाच्या दांड्यावर बोटांचे ठसे उमटलेले दिसतात. पण आज किती झिजला आणि काल किती झिजला, हे त्याला सांगता येत नाही. झिजल्यावर मात्र झिजला हे कळते. आस्रवांचा क्षयही असाच होतो, असे भगवंत सांगतात. ही उपमा सुचण्यासाठी श्रमिकाची मूठ जवळून पाहिलेली असावी लागते. आपल्या विहारांतून विनयाचा अभ्यास होताना त्यातील सुरी, निसणा आणि म्यान यांची पाने यापुढे क्षुल्लक म्हणून उलटली जाऊ नयेत, एवढीच आमची अपेक्षा आहे. त्या पानांवर आपल्या पूर्वजांच्या बोटांचे ठसे आहेत.