वेळ वाटण्याचा अधिकार

संसदेचे अधिवेशन संपले की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत एक चौकट हमखास दिसते: लोकसभेचे कामकाज इतके टक्के, राज्यसभेचे तितके टक्के. आकडा शंभराच्या आसपास असला की अधिवेशन यशस्वी ठरते. पन्नासाच्या खाली गेला की जनतेचा पैसा पाण्यात गेला म्हणून हळहळ होते. या चौकटीमागचा समज आता इतका रुजला आहे की त्याला कोणी हरकतही घेत नाही. सभागृह जितके तास चालले तितके काम झाले, आणि त्या तासांत कोणता विषय, कधी, किती वेळ घ्यायचा हे ठरवणे ही सचिवालयाची कारकुनी बाब, असा तो समज आहे. तो मुळातच चुकीचा आहे आणि वरिष्ठ सभागृहाच्या बाबतीत तर घातक आहे, हे मला येथे दाखवायचे आहे.

आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडू. त्याचे मुद्दे तीन. एक, संसदेच्या प्रत्येक मिनिटाचा खर्च करदाता सोसतो, त्यामुळे वाया गेलेला तास हे उघड नुकसान आहे. दोन, सरकार लोकांनी निवडलेले असते. त्याची विधेयके वेळेत मार्गी लागली पाहिजेत. थेट न निवडलेल्या सभागृहाने ती रखडवणे योग्य नाही. तीन, वेळेचे वाटप कामकाज सल्लागार समिती करते, तिच्यात विरोधकही असतात. तेव्हा वेळापत्रकात अन्याय शोधणे म्हणजे नसते खुसपट काढणे.

तिसऱ्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण बाकीचे दोन त्याच्यावरच टेकलेले आहेत. राज्यसभेच्या कामकाज सल्लागार समितीत सभापती आणि उपसभापती धरून 11 जण असतात. सभागृहातल्या पक्षांची संख्या याहून कितीतरी मोठी आहे. शिवाय समिती मुख्यतः ठरवते ते एवढेच, की समोर आलेल्या सरकारी विधेयकाला किती तास द्यावेत. सरकारी कामाच्या दिवशी ते काम कोणत्या क्रमाने घ्यायचे हे सभापती सभागृह नेत्यांशी सल्लामसलत करून ठरवतात, आणि सभागृह नेते सरकार पक्षाचे असतात. म्हणजे काय शिजवायचे हे आधीच ठरलेले असते. समिती फक्त वाढप करते. पूरक कामकाजपत्रिका निघाली तर आदल्या रात्री सदस्याच्या हाती पडलेला कागदही सकाळी शिळा होतो. 5 ऑगस्ट 2019 रोजी जम्मू-काश्मीर पुनर्रचना विधेयक राज्यसभेत असेच आले. सदस्यांच्या हाती प्रती पडल्या त्याच दिवशी चर्चा झाली आणि त्याच दिवशी विधेयक संमतही झाले. त्या निर्णयाच्या बाजूने असा वा विरोधात, एका राज्याचे स्वरूप बदलणारे विधेयक अभ्यासायला सदस्यांना एक रात्रही मिळाली नाही, ही वस्तुस्थिती दोन्ही बाजूंना मान्य करावी लागेल.

आता ‘किती तास’ या प्रश्नात काय दडलेले असते ते पाहू. चर्चेचा वेळ पक्षांच्या संख्याबळानुसार वाटला जातो. राज्यसभेची सदस्यसंख्या 245. एखाद्या विधेयकाला दोन तास दिले, तर माणशी अर्ध्या मिनिटाचाही हिस्सा येत नाही. पाच सदस्यांच्या पक्षाला हिशेबाने अडीच मिनिटे मिळतात आणि एकट्या सदस्याला जेमतेम एक वाक्य. पीठासीन अधिकारी लहान पक्षांना थोडी सवलत देतात, तरी गणित फारसे बदलत नाही. त्याच विधेयकाला चार तास दिले तर मोठ्या पक्षाचे आणखी काही वक्ते बोलतील, एवढाच त्याला फरक. पाच जणांच्या पक्षाला मात्र पाच मिनिटे मिळतात आणि तेवढ्यात एखाद्या कलमावरचा आक्षेप कारणांसह मांडता येतो. ज्या सभागृहाची स्थापनाच राज्यांचा आवाज ऐकण्यासाठी झाली, तेथे दोन तास की चार हा निर्णय म्हणजे कोणाचे म्हणणे नोंदीत येईल याचा निर्णय असतो. तो कारकुनी कसा म्हणायचा?

टक्केवारीचे मोजमाप किती फसवे आहे, याचा पुरावा 2020 च्या पावसाळी अधिवेशनाने दिला. करोनाच्या सावटात ते 14 ते 23 सप्टेंबर असे दहा बैठकांचे झाले. प्रश्नोत्तराचा तास रद्द होता, अशासकीय कामकाजही नव्हते, शून्य प्रहर अर्ध्या तासाचा केला होता. रविवारी, 20 सप्टेंबरला, कृषी विधेयकांवरची चर्चा संपण्याआधीच दुपारी एकची ठरलेली वेळ झाली. उरलेले काम दुसऱ्या दिवशी घ्या, वेळ वाढवायची तर सर्वांच्या संमतीने वाढवा, असे विरोधकांचे म्हणणे होते. बैठक मात्र पुढे चालू राहिली. गोंधळ झाला, मतविभागणीची मागणी मान्य झाली नाही आणि विधेयके आवाजी मतदानाने संमत झाली. सदस्य आपापल्या जागी नव्हते म्हणून मतविभागणी घेता आली नाही, अशी पीठासनाची बाजू होती. दुसऱ्या दिवशी आठ सदस्य निलंबित झाले. त्यानंतर विरोधकांच्या बहिष्कारात एका दिवशी साडेतीन तासांत सात विधेयके संमत झाली. या अधिवेशनात राज्यसभेने 25 विधेयके संमत केली आणि तिची जाहीर झालेली उत्पादकता होती 100.47 टक्के.

ज्या अधिवेशनात मंत्र्याला सभागृहात उभे करून एकही तारांकित प्रश्न विचारता आला नाही, ते या मापाने शंभर नंबरी ठरले. 2021 च्या नोव्हेंबरात तेच कृषी कायदे मागे घेण्याचे विधेयक दोन्ही सभागृहांत एकाच दिवशी, चर्चेविना संमत झाले. कायदा येतानाही वेळ नव्हता आणि जातानाही नव्हता. मधल्या काळात वर्षभर दिल्लीच्या सीमांवर जो प्रश्न धुमसला, त्याला सभागृहात आधीच पुरेसा वेळ मिळाला असता तर, हा विचार टक्केवारीची चौकट आपल्याला करूच देत नाही.

हा दोष एका पक्षाचा नाही. लोकपाल विधेयकासाठी 2011 चे हिवाळी अधिवेशन तीन दिवस वाढवले गेले. लोकसभेने 27 डिसेंबरला ते संमत केले. राज्यसभेसाठी उरला 29 डिसेंबर हा एकच दिवस. समोर 187 दुरुस्त्या होत्या आणि सरकारकडे तेथे बहुमत नव्हते. चर्चा मध्यरात्रीपर्यंत चालली आणि मतदान न होताच सभागृह बेमुदत तहकूब झाले. तो दिवस तासांच्या हिशेबात भरगच्च होता. निर्णयाच्या हिशेबात शून्य. पुढे विधेयक प्रवर समितीकडे गेले, सुधारून परत आले आणि 17 डिसेंबर 2013 रोजी राज्यसभेने ते संमत केले. सवड मिळाल्यावर जे साधले, ते मध्यरात्रीच्या घाईत साधले नव्हते.

आता दुसरा मुद्दा, जनादेशाचा. वरिष्ठ सभागृहाने लोकनियुक्त सरकारची कायमची कोंडी करू नये, हे मलाही मान्य आहे. घटनेनेही त्याची तजवीज केली आहे: धन विधेयकाला 14 दिवसांची मुदत, आणि सामान्य विधेयकावर पेच पडला तर संयुक्त बैठक. पण संयुक्त बैठकीत कायदा करण्याची वेळ आजवर तीनदाच आली: 1961, 1978 आणि 2002. राज्यसभेचे खरे बळ विधेयक फेटाळण्यात नसून ते विचारासाठी थांबवून धरण्यात आहे, हे यावरून कळते. संविधान सभेत एन. गोपालस्वामी अय्यंगार यांनी दुसऱ्या सभागृहाचे समर्थन केले तेही याच धर्तीवर: क्षणिक आवेशात होणाऱ्या कायद्यांना थोडा विलंब लागावा आणि महत्त्वाच्या प्रश्नांवर भारदस्त चर्चा व्हावी. वस्तू व सेवा कराचे घटनादुरुस्ती विधेयक लोकसभेने मे 2015 मध्ये संमत केले, राज्यसभेने ते प्रवर समितीकडे पाठवले आणि 3 ऑगस्ट 2016 रोजी दुरुस्त्यांसह संमत केले. आंतरराज्य मालावरचा एक टक्का जादा कर या काळात गळाला. तो कर म्हणजे नव्या व्यवस्थेत पुन्हा जुनाच अडथळा उभा करणे, असा आक्षेप होता. विलंबाला अडवणूक म्हणणाऱ्यांनी हे पंधरा महिने कोणत्या खात्यात टाकायचे ते सांगावे.

ब्रिटनच्या लॉर्ड्स सभागृहात तर कोणीच थेट निवडून आलेला नसतो. तरीही तेथे विधेयक मांडणे आणि त्यावरची पहिली सर्वसाधारण चर्चा यांच्यात दोन शनिवार-रविवार जाऊ द्यावेत आणि त्यानंतर कलमवार विचाराआधी चौदा दिवस ठेवावेत, असा संकेत आहे. चर्चेला कात्री लावणारे वेळापत्रक सरकार तेथे लादू शकत नाही. पक्षांचे प्रतोद आपसांत बोलून दिवस ठरवतात. एवढे करूनही सरकारचे काम होते. तेव्हा घाई केली नाही तर सरकार ठप्प होईल, ही भीती निराधार आहे.

राहिला करदात्याच्या पैशाचा मुद्दा. गोंधळाने वाया जाणारा तास हे नुकसानच आहे, यात शंका नाही. 2014 पर्यंत राज्यसभेत प्रश्नोत्तराचा तास सकाळी अकराला असे आणि सकाळचा गोंधळ नेमका तोच गिळून टाकी. तत्कालीन सभापती हमीद अन्सारी यांनी तो दुपारी बाराला हलवला. गोंधळावरचा उपाय म्हणून जो निर्णय झाला, तो वेळापत्रकाचाच होता, हे पूर्वपक्षाने ध्यानात घ्यावे. आणि पैशाचीच भाषा बोलायची तर, घाईत केलेला आणि मागे घ्यावा लागलेला कायदा वाया गेलेल्या दहा तासांपेक्षा महाग पडतो.

मग मोजायचे काय? चार गोष्टी. विधेयकाची प्रत सदस्याच्या हाती पडल्यापासून ते संमत होईपर्यंत किती दिवस गेले. किती विधेयके समितीकडे गेली. रोजच्या तारांकित प्रश्नांपैकी किती प्रत्यक्ष सभागृहात विचारले गेले. आणि शुक्रवारी दुपारी अशासकीय कामासाठी राखलेले अडीच तास किती वेळा शाबूत राहिले. हा शेवटचा निकष किरकोळ वाटेल. पण तिरुची सिवा यांचे तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचे विधेयक 24 एप्रिल 2015 रोजी राज्यसभेने संमत केले, ते अशाच शुक्रवारी. दोन्ही सभागृहांनी मिळून एखादे अशासकीय विधेयक संमत केल्याला तेव्हा पंचेचाळीस वर्षे लोटली होती. ते विधेयक कायदा झाले नाही, तरी सरकारला त्या विषयावर स्वतःचे विधेयक आणावे लागले. तो शुक्रवार सरकारी कामाला दिला असता, तर हे घडलेच नसते.

मोजमापाबरोबर नियमही हवेत. पूरक कामकाजपत्रिकेने विधेयक आणायचे तर त्याची कारणे सभागृहात नोंदवली जावीत. आठवड्यातला एक ठरावीक काळ विरोधकांच्या विषयांसाठी राखावा. ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये असे वीस दिवस असतात. कामकाज सल्लागार समितीतील मतभेद नोंदवून प्रसिद्ध व्हावेत. मुंबईच्या आणि नागपूरच्या अधिवेशनांतही हाच हिशेब लागू आहे, किंबहुना अधिक लागू आहे. विधान परिषद सामान्य विधेयक आधी तीन महिने आणि विधानसभेने ते पुन्हा संमत केल्यावर एक महिना, एवढेच रोखू शकते. त्यापलीकडे घटनेने तिला नकाराधिकार दिलेला नाही. लक्षवेधी सूचनेला आणि विधेयकावरच्या चर्चेला मिळणारा वेळ हेच तिचे एकमेव शस्त्र आहे. तोही कमी केला तर परिषद ठेवायची कशाला, हा जुना प्रश्न विरोधक विचारणारच, आणि त्याला उत्तर देणे आपल्याला कठीण जाईल.

म्हणून पुढच्या अधिवेशनानंतर टक्क्यांची चौकट आली की वाचकाने दोन प्रश्न विचारावेत: हे तास कोणी वाटले, आणि कोणाला मिळाले? त्यांची उत्तरे नसलेला आकडा कितीही मोठा असो, सभागृहाने आपले काम केले की नाही हे तो सांगत नाही.