खमिराची राखण

गेल्या उन्हाळ्यात आमची नात आठ दिवस गावाला गेली आणि जाताना एक काचेची बरणी माझ्या हवाली करून गेली. बरणीत आंबट वासाचा पिठाचा लगदा. "आजोबा, याला रोज खायला घाला," एवढीच आज्ञा. घरात कुत्रे नाही, मांजर नाही. शेवटी पीठ पाळायची पाळी आली! तिसऱ्या दिवशी मी विसरलो, चौथ्या दिवशीही विसरलो. पाचव्या दिवशी पाहतो तो वर करडे पाणी साचलेले आणि वास असा, की बरणी तशीच मोरीत रिकामी करावी. हात थांबला तो क्लोंडाइकच्या माणसांच्या आठवणीने.

1896 च्या ऑगस्टात कॅनडाच्या वायव्य टोकाला, क्लोंडाइक नदीच्या एका ओढ्यात सोने सापडले. पुढल्या जुलैत ही वार्ता सानफ्रान्सिस्को आणि सिअॅटलच्या धक्क्यांवर पोचली आणि कारकून, दुकानदार, शिक्षक सगळे उत्तरेकडे धावत सुटले. सुमारे 1 लाख माणसे निघाली म्हणतात. पोचली त्यांतली तीस-चाळीस हजार. वर्षभराचा शिधा जवळ असल्याखेरीज कॅनडाचे पोलीस सरहद्द ओलांडू देत नसत. तेव्हा चिलकूट खिंडीचा बर्फाळ चढ एकेक माणूस पाठीवर ओझे घेऊन पुन्हा पुन्हा चढे. व्यापाऱ्यांच्या याद्यांत माणशी 400 पौंड पीठ लिहिलेले आढळते.

पण नुसत्या पिठाचा पाव फुगत नाही. बेकिंग पावडरचा डबा संपला की संपला. खमिराचे तसे नव्हे. आजच्यातले मूठभर उद्यासाठी राखले की झाले. ही युक्ती काही त्यांची नव्हे. आदल्या दिवशीचे पीठ राखून पाव फुगवण्याची रीत रोमन ग्रंथकार प्लिनीने पहिल्या शतकातच नोंदवली आहे, आणि आपली विरजणाची वाटी तरी याहून काय निराळी? क्लोंडाइकात अडचण थंडीची. पारा शून्याखाली 40 अंशांवर उतरे. खमीर गोठू नये म्हणून माणसे त्याचा डबा रात्री अंथरुणात घेत, दिवसा कपड्यांखाली अंगाशी बाळगीत. आले होते सोन्यासाठी, आणि जपत होते पीठ! तिथला एक हिवाळा ज्याने काढला, त्याला लोक 'सॉवरडो' म्हणजे आंबट पीठच म्हणू लागले. नवखा तो 'चीचाको'.

या लगद्यात राहते तरी कोण? सानफ्रान्सिस्कोच्या आंबट पावाचे पीठ तपासून कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञांनी 1971 साली त्याचे उत्तर दिले: एक यीस्ट आणि एक जिवाणू. पिठातली माल्टोज नावाची साखर जिवाणू खातो, यीस्ट तिला तोंडही लावत नाही; म्हणजे ताटावरून भांडण नाही. जिवाणूच्या आंबटपणात परके जंतू टिकत नाहीत, हे यीस्ट मात्र सुखाने नांदते. अशा संसारात (माणसांच्या नव्हे, तरी संसारच तो) उपास घडला, की वर पाणी सुटते. खमीर मेलेले नसते, भुकेलेले असते. बुरशी धरली किंवा गुलाबी छटा आली, तर मात्र टाकावेच.

माझ्या बरणीत बुरशी नव्हती. पाणी ओतून दिले, दोन चमचे लगदा ठेवला, तेवढेच पीठ आणि तेवढेच कोमट पाणी घालून ढवळले. संध्याकाळी काही नाही. दुसऱ्या दिवशी दोनदा खाऊ घातले. तिसऱ्या सकाळी बारीक बुडबुडे आले आणि दुपारी लगदा बरणीच्या गळ्याशी. नातीला यातले काही सांगितलेले नाही. हा अंक तिच्या हाती पडला, की कळेलच.