तुर्भ्याचे ज्वरनिदान

ठाणे-बेलापूर रस्ता जेथे शीव-पनवेल महामार्गाला येऊन मिळतो, त्या टापूतील तुर्भे हे गाव एके काळी खाडीचे पाणी, भातखाचरे आणि पारसिकची डोंगररांग यांच्यामध्ये वसलेली आगरी-कोळ्यांची वस्ती होते. आणि तापाचे निदान करण्याचा प्रसंग तेथे येई तो माणसाच्या किंवा फार तर बैलाच्या तापाचा. आज त्याच भूमीवर लोखंडाच्या ज्वराचे निदान करणारे मिस्त्री दुकाने मांडून बसले आहेत. हा पालट कसा घडला आणि त्या निदानाची परंपरा कोणती, याची हकिकत सांगण्याजोगी आहे.

1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर ठाणे खाडीच्या पूर्वेकडील या पट्ट्यात कारखाने उभे राहू लागले; 1970 साली सिडकोचा अंमल सुरू झाला; 1973 साली वाशीच्या पुलाने मुंबईचा वळसा वाचवला; आणि 1981 साली कांदा-बटाट्याचा घाऊक बाजार दक्षिण मुंबईच्या गर्दीतून निघून येथे आला, त्याच्या मागोमाग धान्य व मसाला आणि 1996 साली भाजी व फळे आली, तेव्हा नाशिकचा कांदा कसाऱ्याच्या घाटाने आणि जुन्नर-मंचरकडचा माल बोरघाटाने उतरून रात्रीच्या अंधारात तुर्भ्यास पोहोचू लागला. माल उतरवून ट्रक परत फिरला की त्याला पुन्हा घाट चढावा लागतो. समुद्रसपाटीवरून निघून सुमारे 600 मीटर चढायचे, तेही अवजड गाडीने; तेथेच इंजिनाच्या प्रकृतीचा खरा कस लागतो.

हा बोरघाट गाडीवाटेसाठी 1830 साली, मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दीत, खुला झाला. त्याचा चढ बैलाच्या दमाकडे पाहून आखलेला होता, आणि बैल दमला तर गाडीवान त्याला पाणी दाखवून सावलीत उभा करी. पुढे त्याच वाटेवर मोटार आली तेव्हा तिच्या चालकानेही हीच रीत उचलली. पाण्याचा डबा बाळगल्यावाचून घाट चढू नये, हा नियम अँबॅसडरच्या आणि फियाटच्या काळापर्यंत शहाण्या घरांत पाळला जाई, आणि खंडाळ्याच्या वळणावर बॉनेट उघडून वाफेकडे हताशपणे पाहत उभी राहिलेली कुटुंबे हे उन्हाळ्यातील नित्याचे दृश्य होते.

पाण्याचे हे मोटारीशी असलेले नाते तिच्या जन्माइतकेच जुने आहे. इंधनातून निघणाऱ्या उष्णतेचा ढोबळमानाने तिसरा हिस्सा इंजिनाच्या पाण्यालाच वाहून न्यावा लागतो. 1886 साली कार्ल बेन्झ यांनी पेटंट घेतलेल्या गाडीत ते पाणी सरळ उकळून वाफ होऊन जाई आणि वाटेत पुनःपुन्हा भरावे लागे. 1900 साली विल्हेल्म मायबाख यांनी मर्सिडीझसाठी 8,000 हून अधिक बारीक नळ्यांचा, मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर रचला, तेव्हा तेच तेच पाणी निवून परत फिरू लागले. त्यानंतर दाब धरणारे झाकण आले. लोणावळ्याच्या उंचीवर उघडे पाणी सुमारे 98 अंशांवरच उकळते, पण एका वातावरणाचा जादा दाब मिळाला की तेच पाणी 120 अंशांपर्यंत दम धरते. घाटाचा निम्मा त्रास त्या झाकणाने कमी केला. मात्र तापलेल्या गाडीचे झाकण उघडणाऱ्याच्या तोंडावर उकळता फवारा मारण्याचे सामर्थ्यही त्यानेच पाण्याला दिले.

चरकसंहितेच्या निदानस्थानाचा आरंभ ज्वराच्या अध्यायाने होतो, आणि हेतू, पूर्वरूप, रूप, उपशय व संप्राप्ती ही आपल्या वैद्यांची पाच साधने तुर्भ्याच्या मिस्त्रीच्या हाती जशीच्या तशी दिसतात, त्यांची नावे त्याने कधी ऐकलेली नसली तरी. बोअरचे जड पाणी रेडिएटरात भरत राहिल्याने आत क्षार बसला काय, खाणीच्या धुळीने त्याची जाळी बाहेरून बुजली काय, ही हेतूची चौकशी झाली. दर आठवड्याला पाणी थोडे थोडे कमी होणे, सकाळी गाडी सुरू करताना बेल्टने किंचाळणे, ही पूर्वरूपे. रूप पाहताना तो पहिला प्रश्न विचारतो, ‘उभी असताना तापते की चालताना?’ आणि या एका प्रश्नात अर्धा फैसला होऊन जातो. कारण रहदारीत खोळंबून तापणारी आणि रस्ता मोकळा मिळताच निवणारी गाडी बहुधा पंख्याची तक्रार सांगत असते, तर चढावर किंवा वेगात तापणारीचा संशय तुंबलेल्या रेडिएटरावर आणि पाण्याच्या पंपावर जातो. मग तो हाताने रुजुवात करतो: इंजिन तापलेले असूनही वरचा होज थंड असेल तर थर्मोस्टॅट मिटून बसला आहे, वरचा कढत आणि खालचा थंड असेल तर पाणी रेडिएटरातून फिरतच नाही. गाडी निवलेली असताना झाकण काढून ती सुरू केली आणि पाण्यात बुडबुडे येतच राहिले, किंवा डिपस्टिकवर ऑइल ताकासारखे पांढुरके दिसले, तर हेड गास्केट गेले, असे तो फारसे न बोलता सांगतो. काढलेला थर्मोस्टॅट तपेलीतील तापत्या पाण्यात टाकून तो 80-90 अंशांच्या दरम्यान उघडतो की नाही हे पाहणे म्हणजे उपशय. आणि सैल बेल्टमुळे पंप मंदावला, पंपामुळे इंजिन तापले, तापामुळे हेड वाकले व वाकल्या हेडाखालचे गास्केट फुटले, ही साखळी मागे मागे उलगडत नेणे, ही संप्राप्ती.

या विद्येचा एक भाग आता मावळत चालला आहे. तांब्या-पितळेचे जुने रेडिएटर उघडून नळ्यांत सळई घालून साफ करावयाचे आणि गळतीला डाग देऊन बुजवायचे, हे कारागिराचे काम होते. ॲल्युमिनियम आणि प्लॅस्टिकच्या नव्या रेडिएटरांना डाग बसत नाही, ते बदलले जातात. 1983 साली मारुती 800 आली, तिचा पंखा बेल्टवर न फिरता विजेवर फिरे. अशा गाड्यांनी रहदारीतील ताप पुष्कळ आटोक्यात आणला आणि त्याबरोबर फ्यूज, रिले व सेन्सर हे नवे संशयित मिस्त्रीच्या दप्तरी दाखल केले.

मात्र एक जुनी खोड अजून गेलेली नाही. गाडी वारंवार तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकावयाचा आणि गिऱ्हाइकाला बरी झाल्याचे सांगावयाचे, हा उपाय पुष्कळ ठिकाणी आजही चालतो. त्यामुळे काटा कदाचित खाली येतो, पण इंजिन आपल्या योग्य उष्णतेला पोहोचत नाही, इंधन अधिक जळते, झीज वाढते आणि मूळ दोष आत तसाच राहतो. काही इंजिनांत तर बायपासची वाट उघडी राहून ताप उलट वाढतो. साक्षीदारालाच हद्दपार करून तपास संपवण्याचा हा प्रकार आहे. म्हणून वाचकाला एवढेच सांगणे की घाटात काटा लाल रेषेला टेकला तर गाडी कडेला घेऊन थांबावे, ती पुरती निवेपर्यंत झाकणाला हात लावू नये, तापल्या इंजिनावर गार पाणी ओतू नये; आणि गॅरेजमध्ये कोणी जुना थर्मोस्टॅट काढून हातात ठेवला, तर त्या जागी नवा बसवल्याची खात्री केल्यावाचून बिल चुकते करू नये.