भीमा खोऱ्यातील मत्स्यवर्गीकरण

भीमा नदी व तिला मिळणाऱ्या मुळा-मुठा, घोड, नीरा, सीना इ. नद्यांतील मत्स्यांच्या शास्त्रीय वर्गवारीस एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आरंभ झाला. भीमाशंकर येथे उगम पावणारी ही नदी पुणे व सोलापूर जिल्ह्यांतून वाहत जाऊन पुढे कर्नाटकात कृष्णेस मिळते. सोलापूर जिल्ह्यात पंढरपूर येथे ती चंद्रभागा या नावाने ओळखली जाते. या खोऱ्यातील मासे अस्थिमत्स्यांच्या किरणपक्ष गटात, म्हणजे ज्यांच्या परांना हाडांच्या वा शृंगी अरांचा आधार असतो अशा गटात मोडतात. त्यांत कार्पच्या व मार्जारमीनांच्या कुलांतील जाती सर्वाधिक आहेत.

या मत्स्यांचा पहिला पद्धतशीर अभ्यास विल्यम हेन्री साइक्स (१७९०–१८७२) या मुंबई लष्करातील अधिकाऱ्याने केला. मुंबईचे गव्हर्नर मौंट स्ट्यूअर्ट एल्फिन्स्टन यांनी त्याची १८२४ मध्ये दख्खनच्या सांख्यिकीय पाहणीसाठी नेमणूक केली होती. लोकसंख्या, शेती, हवामान यांच्या नोंदी करीत असतानाच त्याने पक्षी, सस्तन प्राणी व मासे यांचीही माहिती जमविली. १८३१ मध्ये तो इंग्लंडला परतला. दख्खनच्या माशांवरील त्याचा निबंध लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीच्या वृत्तांतात १८३९ मध्ये संक्षेपाने आणि १८४१ मध्ये चित्रांसह विस्ताराने प्रसिद्ध झाला. त्यात ४६ जातींचे वर्णन असून त्यांपैकी बहुतेक जाती शास्त्रास नवीन होत्या.

फ्रान्सिस हॅमिल्टन (ब्यूकॅनन) याने गंगेच्या माशांवरील आपल्या ग्रंथात (१८२२) अनेक जातींना स्थानिक नावे दिली होती. साइक्सनेही तोच मार्ग धरला. नदीकाठच्या लोकांच्या तोंडची नावे त्याने रोमन लिपीत उतरवून घेतली व तीच शास्त्रीय नावात जातिवाचक पद म्हणून योजली. नकटा या माशावरून ‘नुक्ता’, शिंगाळ्यावरून ‘सींघाला’ व घोगऱ्यावरून ‘गोग्रा’ ही पदे आली. पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठा नदीत मिळालेल्या महसीरला त्याने ‘खुद्री’ हे नाव दिले. मराठी उच्चार इंग्रजी कानाने टिपलेले असल्याने काही नावांचे मूळ रूप आज सहज ओळखू येत नाही; तथापि नामकरणाच्या नियमांनुसार ती जशीच्या तशी कायम राहिली आहेत.

नावे मराठी असली, तरी वर्गीकरणाचा सांगाडा यूरोपीय होता. झॉर्झ क्यूव्ह्ये याच्या पद्धतीस अनुसरून साइक्सने काटेरी परांचे व मऊ परांचे असे माशांचे विभाग केले आणि उपलब्ध वंशांतच दख्खनचे मासे बसविले. त्यामुळे शिंगाळा ‘प्लॅटिस्टोमा’ या, तर घोगरा ‘फ्रॅक्टोसेफॅलस’ या दक्षिण अमेरिकेतील मार्जारमीनांच्या वंशात गेला. बाह्य स्वरूपातील साम्य हा निकष पुरेसा नसल्याचे पुढील संशोधनात दिसून आले. आता हे मासे अनुक्रमे ‘स्पेराटा’ व ‘रिटा’ या आशियाई वंशांत समाविष्ट केले जातात. तुंडावर शिंगासारखा उंचवटा असलेला नकटा साइक्सने ‘सायप्रिनस’ वंशात ठेवला होता. फ्रान्सिस डे याने द फिशेस ऑफ इंडिया (१८७५–७८) या ग्रंथात तो ‘लेबिओ’ वंशात घेतला आणि पुढे तो ‘स्किस्मॅटोऱ्हिंकस’ वंशात गणला जाऊ लागला.

साइक्सने वर्णिलेल्या बहुतेक जातींचे मूळ नमुने आज उपलब्ध नाहीत. नमुना नसला की वर्णन व चित्र एवढाच आधार उरतो आणि एकच नाव निरनिराळ्या माशांना लागण्याचा संभव निर्माण होतो. याचे ठळक उदाहरण म्हणजे घोड नदीकाठच्या शिरूर येथून वर्णिलेला ‘मसुल्ला’ हा मासा होय. १८६० मध्ये पीटर ब्लीकर याने त्यावरूनच ‘हिप्सेलोबार्बस’ हा वंश स्थापन केला. १९४३ मध्ये सुंदरलाल होरा यांनी मात्र तो महसीर मानला आणि पुढे कावेरीतील पाठीवर कुबड असलेल्या प्रचंड महसीरलाही हेच नाव लावले जाऊ लागले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने ‘मसुल्ला’ हा महसीर नसून हिप्सेलोबार्बसच असल्याचे दाखविले. कावेरीतील महसीर ‘टॉर रेमादेवी’ या जातीचा असल्याचे २०१८ मध्ये निश्चित झाले व त्यानंतरच आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या यादीत त्याची अतिसंकटग्रस्त म्हणून नोंद होऊ शकली. निश्चित नावाअभावी ऱ्हास पावत असलेल्या माशाचीही अधिकृत दखल घेता येत नाही, हे यावरून स्पष्ट होते.

अशी फेररचना केवळ दख्खनपुरती मर्यादित नाही. उत्तरेकडील थंड समुद्रांत व नद्यांत राहणारे स्कल्पिन मासे क्यूव्ह्येने ‘चिलखती गालांच्या’ माशांत घातले होते. डोळ्याखालून गालावर जाणारी हाडाची पट्टी हे त्या गटाचे लक्षण होय. या लक्षणाच्या आधारे विंचूमासे, चपट्या डोक्याचे मासे व स्कल्पिन यांचा एक स्वतंत्र गण दीर्घकाळ मानला गेला. २०१३ नंतर आनुवंशिक द्रव्याच्या तौलनिक अभ्यासावर आधारलेल्या वर्गीकरणांत तो मोडून स्कल्पिन मासे पर्सिफॉर्मीझ गणात घेण्यात आले आहेत.

विसाव्या शतकात भारतीय संशोधकांनी या अभ्यासात मोलाची भर घातली. चं. वि. कुलकर्णी यांनी १९५२ मध्ये दख्खनमधील एका मार्जारमीनासाठी ‘निओट्रोपियस’ हा नवा वंश स्थापन केला व जातीला ‘खवलचोर’ हे नाव दिले. इतर माशांचे खवले खाण्याच्या त्याच्या सवयीवरून हे मराठी नाव पडले आहे.

सोलापूर जिल्ह्यात भीमेवर बांधलेले उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि वाहत्या पात्राच्या मोठ्या भागाचे स्थिर जलाशयात रूपांतर झाले. जलाशयात चिलापी या मूळच्या आफ्रिकी माशाचा मोठा प्रसार झाला आहे. नकट्यासारख्या वाहत्या, खडकाळ पात्रात राहणाऱ्या जातींना अशी परिस्थिती मानवत नाही. २०११ मध्ये नकटा संकटग्रस्त ठरविण्यात आला. साइक्सची नावे शास्त्रात टिकली असली, तरी ती ज्या माशांना दिली गेली त्यांची मूळ स्थळांवरून पुन्हा नोंद करणे व नमुने जतन करणे, हे या खोऱ्यातील मत्स्यवर्गीकरणापुढील महत्त्वाचे कार्य आहे.