निराधार अनुदान : वितरण आणि सुरक्षित उचल

कमाईचे साधन नाही आणि सांभाळणारे कोणी नाही, अशा व्यक्तींना महाराष्ट्र शासन दरमहा देत असलेले अर्थसाहाय्य. संजय गांधी निराधार अनुदान योजना आणि श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना या त्यातल्या दोन मुख्य योजना होत. केंद्र शासनाच्या वृद्धापकाळ, विधवा आणि दिव्यांग निवृत्तिवेतन योजना त्यांना जोडून चालतात. तहसील कार्यालयात या कामाच्या शाखेला ‘संगायो’ म्हणतात, तर लाभार्थी या रकमेला ‘पगार’ म्हणतात. वार्धक्य, आजारपण व अपंगत्व यांत नागरिकाला सार्वजनिक साहाय्य मिळावे, असे संविधानाच्या अनुच्छेद 41 मध्ये म्हटले आहे. या योजनांचे मूळ त्यात आहे.

संजय गांधी योजना बॅ. अ. र. अंतुले मुख्यमंत्री असताना 1980 मध्ये सुरू झाली. 65 वर्षांखालील निराधार, दिव्यांग, विधवा, परित्यक्ता, घटस्फोटिता, अनाथ मुले, तृतीयपंथी, तसेच कर्करोग, क्षय, कुष्ठरोग, एड्स अशा आजारांनी काम करण्याची ताकद गेलेले लोक तिच्यात येतात. 65 वर्षे पूर्ण झाली की श्रावणबाळ योजना लागू होते. केंद्राचा राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रम 15 ऑगस्ट 1995 रोजी सुरू झाला. त्याखालच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनाला 2007 मध्ये इंदिरा गांधींचे नाव मिळाले, तेव्हा 80 वर्षांखालील वृद्धासाठी केंद्राचा वाटा महिना 200 रुपये होता. आजही तो तेवढाच आहे. उरलेली भर राज्य घालते. राज्याच्या योजनांची रक्कम 2019 मध्ये 600 वरून 1,000 आणि 2023 मध्ये 1,500 रुपये झाली. दिव्यांगांना ऑक्टोबर 2025 पासून 2,500 रुपये देण्याचा निर्णय झाला.  

पात्रतेची मुख्य अट उत्पन्नाची. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत हवे, दिव्यांगांसाठी ही मर्यादा 50,000 रुपये आहे. 21,000 म्हणजे महिन्याला 1,750 रुपये. सध्याचे अनुदानच वर्षाला 18,000 होते, यावरून ही मर्यादा किती मागे पडली आहे ते कळावे. परिणामी उत्पन्नाचा दाखला ही वस्तुस्थितीची नोंद न राहता अर्जाला बसेल असा आकडा झाला आहे, आणि दाखले मिळवून देणाऱ्या मध्यस्थांचे फावते ते इथेच. याखेरीज किमान 15 वर्षे राज्यात वास्तव्य असल्याचा रहिवासी दाखला, वयाचा पुरावा आणि कारणानुसार पतीच्या मृत्यूचा किंवा 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचा दाखला लागतो. अर्ज तालुका समितीपुढे जातो. मंजुरीनंतर दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो द्यायचा राहिला की पगार थांबतो, आणि तो का थांबला हे बहुतेकांना तालुक्याला हेलपाटा घातल्यावर कळते.

पूर्वी तहसील कार्यालय लाभार्थ्यांच्या याद्या आणि एकत्रित रक्कम बँकेकडे किंवा टपाल कार्यालयाकडे पाठवी, आणि तिथून नावानिशी वाटप होई. यादीत नाव मागे-पुढे झाले, शाखेत माणूस नसला की पैसे तसेच पडून राहत. केंद्राने 1 जानेवारी 2013 पासून थेट लाभ हस्तांतरणाची (डीबीटी) पद्धत आणली. राज्याच्या या दोन्ही योजनांचे पैसे डिसेंबर 2024 पासून डीबीटी पोर्टलमार्फत थेट आधारसंलग्न खात्यात जाऊ लागले. देशातला पहिला आधार क्रमांक 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात दिला गेला होता. तेव्हा ओळखपत्र म्हणून आलेला हा क्रमांक आता पैशाचा पत्ता झाला आहे.

हा पत्ता नीट समजून घ्यायला हवा, कारण ‘पैसे आलेच नाहीत’ या तक्रारींचा मोठा भाग त्यातून निघतो. बँकेत आधारची झेरॉक्स दिल्याने खाते ओळखीपुरते जोडले जाते. अनुदान मिळण्यासाठी मात्र राष्ट्रीय देयक महामंडळाच्या नोंदीत त्या आधारपुढे बँकेचे नाव चढावे लागते, यालाच सीडिंग म्हणतात. एका आधारपुढे एका वेळी एकच बँक राहते. मधल्या काळात कोणी जनधन खाते, बचत गटाचे खाते किंवा टपाल बँकेचे खाते उघडून देताना संमतीच्या कागदावर अंगठा घेतला असेल, तर पैसे त्या नव्या खात्यात जमा होत राहतात आणि लाभार्थी बाई जुनेच पासबुक घेऊन रांगेत उभी असते. कोणत्याही साध्या फोनवरून *99*99*1# हा क्रमांक लावून आधार टाकल्यास जोडलेल्या बँकेचे नाव दिसते. आधारच्या अधिकृत संकेतस्थळावरही ते पाहता येते. बँक बदलायची असेल तर हव्या त्या शाखेत सीडिंगचा संमतिपत्र अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.

सरकारकडून खात्यापर्यंतचा प्रवास अशा रीतीने बराच सुरक्षित झाला. खात्यातून हातापर्यंतचा झालेला नाही. बँकेची शाखा लांब, एटीएम कार्ड वापरण्याची सवय नाही, म्हणून गावोगाव पैसे निघतात ते बँक मित्राच्या, म्हणजे बँकेने नेमलेल्या प्रतिनिधीच्या, यंत्रावर अंगठा लावून. या आधारसक्षम देयक प्रणालीत आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि बोटाचा ठसा एवढ्यावर एका वेळी 10,000 रुपयांपर्यंत रक्कम काढता येते. पिन लागत नाही, ओटीपी लागत नाही. हीच तिची सोय, आणि धोकाही हाच. सर्वांत जुनी लबाडी अगदी साधी आहे. पहिल्या अंगठ्यालाच व्यवहार होतो, पण चालक ‘ठसा उमटला नाही, पुन्हा लावा’ म्हणतो. दुसऱ्या अंगठ्याचे पैसे हातात मिळतात, पहिल्याचे त्याच्याकडे राहतात. कधी ‘पगार अजून आला नाही’ असे सांगून परत पाठवले जाते आणि यंत्र वेगळेच सांगत असते. काही राज्यांत खरेदीखतांच्या प्रतींवरून ठसे उचलून सिलिकॉनच्या बोटांनी खाती रिकामी केल्याचे गुन्हे नोंदले गेले. ही यंत्रे चालवणाऱ्यांची नीट पडताळणी करण्याची सक्ती रिझर्व्ह बँकेने 1 जानेवारी 2026 पासून केली आहे. ती आधीच व्हायला हवी होती.

खबरदारीत पहिले स्थान पावतीचे. व्यवहार झाला वा फसला, यंत्रातून छापील पावती निघतेच. ‘कागद संपला’ म्हणणाऱ्याकडे पुन्हा अंगठा लावू नये. अंगठा लावण्याआधी पडद्यावर शिल्लक-चौकशी उघडली आहे की रक्कम काढणे, हे वाचता येणाऱ्या नातवंडाकडून पाहून घ्यावे. महिन्यातून एकदा बँकेत पासबुक भरून घेतले तर लबाडी फार दिवस लपत नाही. खात्याशी स्वतःचा किंवा घरच्या विश्वासू माणसाचा मोबाइल क्रमांक जोडावा. एजंटाने स्वतःचा नंबर दिला असेल तर तो आधी बदलून घ्यावा. पासबुक आणि कार्ड कोणाकडेही ‘ठेवायला’ देऊ नये. आधारचे बायोमेट्रिक कुलूपबंद करण्याची सोय एम-आधार ॲपमध्ये आहे. कुलूप असताना स्वतःचाही अंगठा चालत नाही, पैसे काढताना ते तात्पुरते उघडावे लागते. म्हणून जिथे घरात स्मार्टफोन वापरणारे कोणी आहे तिथेच ही सोय कामाची.

शेतमजुरी, बांधकामावरचे चुना-सिमेंट, विडी वळणे यांत आयुष्य गेलेल्यांच्या बोटांचे ठसे झिजतात आणि यंत्र त्यांना ओळखत नाही. अशा वेळी दुसरे बोट, बुबुळ किंवा चेहरा हे पर्याय असतात, आणि हे काहीच जमले नाही तर शाखेत पैसे काढण्याच्या स्लिपवर सही वा अंगठा देऊन रक्कम मागण्याचा हक्क कायम असतो. ‘आता यंत्रावरच मिळते’ असे सांगून शाखेने खातेदाराला परत पाठवणे चुकीचे आहे. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचे पोस्टमन घरपोच रक्कम देतात, अंथरुणाला खिळलेल्यांसाठी तो मार्ग उत्तम.

खात्याचा प्रकारही महत्त्वाचा. मूलभूत बचत खात्याला किमान शिल्लक लागत नाही, त्यामुळे दंडही पडत नाही, आणि महिन्याला 4 वेळा पैसे काढणे निःशुल्क असते. साध्या बचत खात्यात मात्र पगाराचे शे-दोनशे रुपये शुल्कापोटी कापले जाऊ शकतात. शाखेत अर्ज देऊन खात्याचा प्रकार बदलून घेता येतो. थेट लाभासाठी उघडलेली शून्य शिलकीची खाती व्यवहार नाही म्हणून निष्क्रिय ठरवू नयेत, असा रिझर्व्ह बँकेचा 2024 पासूनचा नियम आहे.

खात्यातून रक्कम कापली गेली पण हातात आली नाही, तर ती 5 दिवसांत परत जमा व्हायला हवी. त्यापुढे दर दिवसाला 100 रुपये भरपाई बँकेने न मागता द्यायची असते. परक्या माणसाने पैसे काढले असतील, आणि चूक ना बँकेची ना खातेदाराची असेल, तर व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या 3 दिवसांत बँकेला लेखी कळवल्यास खातेदारावर तोटा पडत नाही, हे रिझर्व्ह बँकेने 2017 साली घालून दिलेले तत्त्व आहे. त्याच दिवशी 1930 या सायबर मदत क्रमांकावरही नोंद करावी. आधारविषयी 1947 वर विचारता येते. बँकेने 30 दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते. त्याची माहिती 14448 वर मिळते. ही तक्रार साध्या कागदावर मराठीत लिहून टपालाने पाठवली तरी चालते, आणि तिला शुल्क पडत नाही.