देणारा, घेणारा आणि मूल
(दत्तकाच्या कायद्याची वाटचाल)

दत्तक हा शब्द महाराष्ट्रातल्या घरांना परका नाही. जुन्या वाड्यांच्या दप्तरांत दत्तकपत्रे सापडतात, आणि भाऊबंदकीच्या कितीतरी दाव्यांचे मूळ शोधू गेले असता ते कुठल्यातरी दत्तकविधानापाशी जाऊन पोचते. या सगळ्या कागदांत घराण्याचे नाव असते, जमीनजुमला असतो, साक्षीदारांच्या सह्या असतात. परंतु ज्या मुलाला एका घरातून उचलून दुसऱ्या घरात ठेवले, त्याच्या सुखदुःखाचा विचार मात्र क्वचितच आढळतो. कायद्याची नजर वंशावरून हळूहळू मुलाकडे कशी वळली, आणि त्या वळणावर स्त्रीच्या पदरात काय पडले, हे वर्धापनदिनाच्या निमित्ताने मंडळाच्या भगिनींपुढे थोडक्यात मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

जुन्या शास्त्राप्रमाणे दत्तक घ्यायचे ते पिंडदान चालावे आणि वंश बुडू नये यासाठी. त्यामुळे दत्तक म्हणजे मुलगाच, आणि तोही स्वजातीचा. मुलगा देण्याचा अधिकार फक्त त्याच्या आईबापांना. त्यांनी आपल्या हाताने द्यायचा आणि घेणाऱ्याने घ्यायचा, तेव्हाच विधान पुरे होई. याचा अर्थ असा की, ज्याला आईबाप नाहीत त्या पोराला देणाराच कोणी नाही, म्हणून त्याला दत्तकही घेता येत नसे. ज्याला घराची सर्वांत जास्त गरज, त्यालाच दार बंद! विधवेच्या बाबतीत आपला मुंबई इलाखा थोडा उदार होता. नीळकंठभट्टांच्या ‘व्यवहारमयूख’ ग्रंथाला इकडे मान असल्याने, पतीची स्पष्ट आज्ञा नसतानाही विधवेला दत्तक घेता येई. पण ती घेई ते दिवंगत पतीसाठी. मुलगा कायद्याने त्याचा होई. ओटी तिची, नाव त्याचे, असा तो प्रकार होता.

राज्यकर्त्यांनी दत्तकाकडे पाहिले तेही गादीपुरतेच. लॉर्ड डलहौसीने दत्तक नामंजूर करून १८४८ साली सातारा खालसा केले. १८५४ साली नागपूर आणि झाशी ही राज्येही वारस नाही या सबबीखाली गेली. झाशीच्या राणीचा लढा मांडीवरच्या दत्तक मुलाच्या हक्काशी जोडलेला होता, हे आपल्याकडे शाळकरी मुलींनाही ठाऊक आहे. सत्तावन्नच्या उठावानंतर सरकारने आपले धोरण बदलले आणि १८६२ साली लॉर्ड कॅनिंगने संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या. राजांच्या दत्तकाचा प्रश्न सुटला. रस्त्यावर टाकलेल्या तान्ह्या बाळाचा तसाच राहिला.

त्या बाळाकडे प्रथम पाहिले ते समाजातल्या मोजक्या माणसांनी. १८६३ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसलेल्या विधवेने तेथे यावे, सुखरूप बाळंत व्हावे, आणि हवे तर मूल तेथेच ठेवून जावे, अशी सोय त्यांनी केली. पुढे अशाच एका ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत याला त्यांनी आपला मुलगा मानून वाढवले. जात, कूळ, पिंड यांपैकी कशाचाही विचार न करता मुलासाठी मूल घेतल्याचे हे उदाहरण कायद्याच्या जवळजवळ शंभर वर्षे पुढे होते. १८७५ साली प्रार्थना समाजाच्या मंडळींनी पंढरपूरला अनाथ बालकाश्रम सुरू केला. वारीच्या गावी सोडून दिलेल्या कितीतरी अर्भकांना त्या दाराने आसरा दिला.

सरकार या कामात फार उशिरा उतरले. मुंबई इलाख्यात १९२४ साली मुलांचा कायदा झाला आणि १९४८ साली त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. निराधार मुलाला संस्थेत ठेवावे, किंवा एखाद्या योग्य व्यक्तीच्या हवाली करावे, अशी तरतूद त्यांत होती. आज ज्याला प्रतिपालकत्व म्हणतात त्याचे बीज येथे दिसते. पण हा सांभाळ झाला, दत्तक नव्हे.

खरा बदल स्वातंत्र्यानंतर आला. डॉ. आंबेडकरांनी पुढे रेटलेली हिंदू संहिता अडली आणि १९५१ साली त्यांनी मंत्रिपद सोडले. पण त्या संहितेचे भाग पुढे एकेक करून संमत झाले. त्यांतलाच १९५६ चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा. या कायद्याने मुलगी दत्तक घेता येऊ लागली, जातीची अट गेली, आणि अविवाहित, विधवा व घटस्फोटित स्त्रीला स्वतःसाठी दत्तक घेण्याचा हक्क मिळाला. आईबाप वारलेल्या मुलाला न्यायालयाच्या परवानगीने पालक देऊ शकेल, असेही ठरले. तरी टाकून दिलेले मूल आणि ज्याच्या आईबापांचा पत्ताच नाही असे मूल राहून गेले होते. १९६२ च्या दुरुस्तीने तेही आत आले. शास्त्राने ज्याला देणारा नाही म्हणून वगळले होते, त्याला अखेर कायद्याने देणारा मिळवून दिला.

पण उणिवा होत्याच. पती हयात आणि शहाणा असता विवाहित स्त्रीला स्वतः दत्तक घेता येत नसे. तिची फक्त संमती लागे. ही विषमता जायला २०१० साल उजाडले. आता पतीच्या संमतीने पत्नी दत्तक घेऊ शकते, आणि मूल देण्याच्या बाबतीतही आईबापांचा अधिकार समान आहे. दुसरी उणीव अशी की, हा कायदा ख्रिस्ती, पारशी, मुसलमान यांना लागू नव्हता. त्यांना १८९० च्या कायद्याने केवळ पालकत्व मिळे, आणि मूल सज्ञान झाले की तेही संपे. सर्वांसाठी एक कायदा करण्याचे विधेयक १९७२ साली आले, पण विरोधामुळे बारगळले. अखेर बाल न्याय कायद्याने, २००० साली आणि २००६ च्या दुरुस्तीने, धर्माचा विचार न करता अनाथ मुलाला दत्तक घेण्याची वाट मोकळी झाली. घरात एक मुलगी असताना दुसरी दत्तक घेण्यास १९५६ च्या कायद्याची आडकाठी होती. बाल न्याय कायद्याखाली तसे करता येते, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने २००९ साली दिला.

मुले परदेशी पाठवण्यात गैरप्रकार होत असल्याच्या तक्रारीवर सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली लक्ष्मीकांत पांडे खटल्यात कडक नियम घालून दिले. त्यांतूनच पुढे केंद्रीय दत्तक यंत्रणा उभी राहिली. आज २०१५ चा बाल न्याय कायदा चालतो. २०२१ ची दुरुस्ती १ सप्टेंबर २०२२ पासून अमलात आल्यावर दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात.

दत्तकाखेरीज दुसरी वाट आहे ती सांभाळाची. प्रत्येक निराधार मूल दत्तक जाऊ शकत नाही. कुणाची आई आजारी असते, कुणाचा बाप तुरुंगात असतो, कुणी आजीपाशी राहते. अशा मुलाला आश्रमात धाडण्यापेक्षा घरात ठेवावे, या हेतूने महाराष्ट्रात बालसंगोपन योजना चालते. २०२३ साली तिचे अनुदान दरमहा २,२५० रुपये करण्यात आले. केंद्राच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनी एकट्या व्यक्तीलाही प्रतिपालक होण्याची मुभा दिली, आणि सांभाळलेले मूल दत्तक घेण्यासाठीची पाच वर्षांची अट दोन वर्षांवर आणली.

आता आपल्या वाट्याचे काम. ‘दवाखान्यातून परस्पर बाळ मिळेल, स्टँप पेपरवर लिहून देतो’ असे सांगणारा मध्यस्थ आपल्या गल्लीतही येऊ शकतो. तसा कागद म्हणजे दत्तक नव्हे. आणि मुलाची खरेदी-विक्री हा पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरीचा गुन्हा आहे. टाकलेले मूल सापडले, तर चोवीस तासांच्या आत पोलीस, बाल कल्याण समिती किंवा १०९८ क्रमांकावर कळवणे कायद्याने बंधनकारक आहे. एखादी अडचणीतली मुलगी मूल सांभाळू शकत नसेल, तर तिला बाल कल्याण समितीकडे न्यावे. तिचे नाव गुप्त राहते, आणि फेरविचाराला साठ दिवस मिळतात. शेजारच्या विधवेला किंवा नातवंडे सांभाळणाऱ्या आजीला बालसंगोपनाचा अर्ज भरून देणे, हे तर दुपारच्या फावल्या वेळातले काम आहे.

कायद्याला देणाऱ्या-घेणाऱ्यांवरून मुलाकडे नजर वळवायला फार वर्षे लागली. आपल्या घरांत मात्र ‘रक्ताचे ते रक्ताचेच’ हे वाक्य अजून सहज तोंडी येते, तेही दत्तक आलेल्या मुलाच्या कानांवर पडेल असे. ते वाक्य बंद करायला कोणत्याही विधिमंडळाची गरज नाही. ते आपल्याच हाती आहे.