किल्ला, डिंक आणि प्लास्टिक

दिवाळीच्या सुटींत अंगणांत मातीचा किल्ला उभारण्याची महाराष्ट्रांतील प्रथा जुनी आहे. दगड, विटा व चिखलांत बुडविलेलें गोणपाट एवढ्यावर डोंगर उभा राही; घरें पुठ्ठ्याचीं, आणि तीं जोडावयास घरची खळ किंवा बाभळीचा डिंक पुरे. हे पदार्थ कागदाच्या व कापडाच्या तंतूंत शिरतात आणि तेथेंच वाळून घट्ट धरतात. हल्लीं तळें, नदी, हिरवळ यांसाठीं प्लास्टिकचे मऊ तावही वापरले जातात. त्यांवर डिंक वाळतो, पण पापुद्र्यासारखा सुटून येतो. कारण त्यानें शिरावें असें छिद्रच तेथें नसतें.

या मऊ प्लास्टिकच्या जन्मकथेंत एक मौज आहे. १९२६ सालीं अमेरिकेंतील गुडरिच कंपनींत वाल्डो सेमन हे रसायनज्ञ रबर धातूला चिकटविणारा पदार्थ शोधीत होते. त्या खटपटींत त्यांनीं पी. व्ही. सी. हा कठीण पदार्थ एका द्रावकांत तापविला. हवा तो डिंक मिळाला नाहीं. हातीं आला तो रबरासारखा लवचीक पदार्थ! डिंकाच्या शोधांतून जन्मलेली ही वस्तूच पुढें साध्या डिंकाला दाद देईना. १९३३ सालीं इंग्लंडांत सांपडलेलें पॉलिथीन तर याहूनही हट्टी निघालें.

या दोघांचा स्वभाव पाहावयाचा तर खानदेशांतील केळीच्या मळ्यांत जावें. तापीच्या खोऱ्यांत, वरणगांवापासून रावेरपर्यंतच्या पट्ट्यांत, पी. व्ही. सी.चे नळ ‘सॉल्व्हंट सिमेंट’ लावून जोडतात. त्यानें दोन्ही पृष्ठभाग किंचित् विरघळून एकमेकांत मिसळतात आणि द्रावक उडून गेला कीं जोड एकजीव होतो. ठिबक सिंचनाच्या पॉलिथीनच्या नळ्या मात्र खांचेदार तुकड्यावर नुसत्या दाबून बसवितात. तेथें डिंकाचा नादच कोणी धरीत नाहीं.

किल्ला रचणाऱ्यानेंही प्रथम तावाची जात ओळखावी. त्याचा लहान तुकडा पाण्यांत पूर्ण बुडवून सोडावा. पॉलिथीन वर येऊन तरंगतें, पी. व्ही. सी. तळाशीं जातें. तरंगणाऱ्या तावाच्या कडा दगडमातीखालीं दाबाव्या किंवा दोऱ्यानें शिवाव्या. बुडणाऱ्याला असा डिंक हवा, कीं जो वाळल्यावरही लवचीक राहील; ठिसूळ डिंक ताव वांकतांच तडकतो. शिवाय मऊ पी. व्ही. सी.मध्यें तेलासारखें द्रव्य मुरविलेलें असतें. तें हळूहळू पाझरून रबराच्या साध्या डिंकाला मऊ करतें, आणि धनत्रयोदशीला बसविलेली नदी भाऊबीजेपर्यंत सुटूं शकते. म्हणून नायट्राइल रबराचा किंवा पॉलियुरेथेनचा डिंक निवडावा, व तो आधीं एका तुकड्यावर लावून पाहावा.

यांपैकीं पुष्कळ डिंकांची वाफ ज्वालाग्राही असते. सबब हें काम वडीलमाणसांनीं उघड्या हवेंत, दिवसाउजेडीं उरकावें. जोड पुरता वाळल्यावांचून किल्ल्यावर पणती ठेवूं नये.